गायधनी नानांची जांभळी पर्स

आमच्या सोसायटीतले गायधनी नाना सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांच्या खांद्याला जांभळी पर्स असते.

पर्स म्हणजे बायकांची असते तशीच. चकाकणारी, पुढे चंदेरी तारा आणि धरायला साखळी. अंगात पांढरा हाफ शर्ट, पायात काळी सँडल, केसांना खोबरेल तेल आणि खांद्याला हे. आत एक भिंग, एक लाल पेन्सिल, बीपीच्या गोळ्या आणि बाजारातून परतताना मेथीची जुडी. कॉलेजच्या पोरी त्यांना भर रस्त्यात थांबवतात. "काका, ही ओरिजिनल आहे? आम्हाला मिळालीच नाही हो! विकता का?" नाना चष्मा वर करतात आणि सांगतात, "ओरिजिनल आहे. पण डाव्या कडीपाशी शिलाई ओढलेली आहे. मी पास केलेली नाही."

पोरींना वाटतं म्हातारा गंमत करतोय. नाना गंमत करत नाहीत. मी वीस वर्षं त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, मला विचारा.

मी ब्लाऊज शिवते. नाशिक रोडला स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर आमची सोसायटी, तळमजल्यावर पुढच्या खोलीत माझं मशीन. आमचे हे सकाळी सातला सिन्नरच्या कंपनीत जातात, मग दिवसभर मी, मशीन आणि बायका. जिना माझ्या दारावरूनच वर जातो, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय, हे मला माहीत असतं. भोचक म्हणा हवं तर. म्हणतातच.

नाना प्रेसमधून रिटायर झाले. आमच्याकडे 'प्रेसमध्ये होते' म्हटलं की कुठल्या प्रेसमध्ये, असं कोणी विचारत नाही; नोटांच्याच. त्यांचं काम छापलेला कागद तपासायचं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, मग उलटा, मग उजेडात धरून. दोष दिसला की लाल पेन्सिलीचा गोल. छत्तीस वर्षं माणसानं एवढंच केलं. आणि जित्याची खोड म्हणतात तशी ती हातातच बसली. समोर काही आलं की नाना म्हणणार, "माल बघू." मग ती पुरणपोळी असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर कोणाचं बाळ असो.

एका वर्षी सोसायटीचा गणपती आणायला नानांना बरोबर नेलं. ती चूक कोणाची, यावर अजून भांडणं होतात. तीन दुकानांतल्या मूर्ती त्यांनी नापास केल्या. एकीचा डावा डोळा तिळभर खाली, एकीच्या उंदराचा कान जाड. चौथ्या दुकानात चेअरमन हात जोडून म्हणाले, "नाना, चालतंय की हो!" नाना म्हणाले, "चालतंय हा शब्द म्हशीला वापरायचा. मालाला नाय." शेवटी मूर्ती आणली दुपारी दोन वाजता, आणि आरतीच्या वेळीही नाना टाळ्या वाजवता वाजवता बाप्पाच्या सोंडेकडे मान तिरकी करून बघत होते.

माझ्या धंद्यात तर त्यांनी किती वेळा माती कालवली! एकदा चांदवडच्या एका नवरीचा शालूवरचा ब्लाऊज तयार करून हँगरला लावला होता. नाना वर जाता जाता थांबले. "माल बघू." मी नको नको म्हणेपर्यंत पाठीवर बोट फिरवून मोकळे. "शैलाताई, उजव्या बाहीची पायपिंग शेवटच्या दोन बोटांत जाड झालीय." आणि नवरीची आई तिथंच स्टुलावर बसलेली! माझा नुसता तिळपापड झाला. "नाना," मी म्हटलं, "तुम्ही घालणार आहात का ब्लाऊज?" ते वर निघून गेले. मग मी बाही उसवली आणि परत शिवली, कारण पायपिंग खरंच जाड झाली होती. ते जास्त झोंबतं.

तर असा हा माणूस चार वर्षांपूर्वी अचानक पॉप गाण्यांच्या नादी लागला.

म्हणजे आम्हाला तसं वाटलं. एक गाणारी पोरगी आहे, निळ्या केसांची. तिचं नाव मी घेत नाही, कारण मी ते कसंही घेतलं तरी माझ्या गिऱ्हाइकांच्या पोरी हसतात. तिचं नवं गाणं आलं की त्याबरोबर गाण्याच्या जाहिरातीसाठी काहीतरी वस्तू निघते. रेशमी स्कार्फ, टोपी, मोबाईलचं पाऊच, पर्स. साधी नाही, डिझायनर. मोजकीच बनवतात, ठरलेल्या दिवशी अकराला विक्री उघडते आणि चहा गाळून होईस्तोवर संपते. हे सगळं मला नानांनी सांगितलं, कारण त्यांच्या घरात नेट अडकतं आणि माझ्याकडे चांगलं येतं. त्या दिवशी पावणेअकरालाच ते माझ्या मशीनपाशी येऊन बसायचे. एक फोन त्यांच्या हातात, एक माझ्या. "ताई, बटण हिरवं झालं की दाबायचं. विचार करायचा नाय." गिऱ्हाईक टेपमध्ये अडकून उभं आणि मी फोनकडे डोळे लावून बसलेली. मिळालं की नाना स्टुलावरून अर्धे उठायचे.

गाणं मात्र त्यांनी एकही ऐकलेलं नव्हतं. मी विचारलं होतं, "कसं गाते हो?" तर म्हणाले, "गाते का? मला वाटलं नाचते."

सोसायटीत काय बोलणं झालं असेल ते सांगायला नको. काकू गेल्यापासून एकटे पडलेत, डोक्यावर परिणाम झालाय, इथपासून ते म्हातारचळ लागलाय इथपर्यंत. मीही थोडं बोलले असेन. नाही कशाला म्हणू?

मग एकदा दुपारी नाना खाली आले ते फोन समोर धरूनच. चेहरा असा, की लॉटरी लागली की काय! "ताई, बघा. कंपनीचं उत्तर आलं." मी कपाळाला हात लावला. वस्तू आली की तीन दिवस तिची तपासणी करायची, दोषांची यादी करायची आणि ती कंपनीला ईमेलनं पाठवायची, हा त्यांचा उद्योग मला ठाऊक होता. उत्तर इंग्रजीत होतं. आपण कळवलेला दोष बरोबर आहे, आम्ही दिलगीर आहोत, पुढच्या मालात सुधारणा करू. नाना म्हणाले, "बरोबर आहे म्हणाली. बघा ना. बरोबर आहे, असं लिहिलंय."

"म्हणाली? कोण म्हणाली?"

नानांनी बोटानं पान वर सरकवलं. खाली नाव होतं. मुक्ता गायधनी, डिझाईन विभाग.

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

मुक्ता नाना-काकूंची एकुलती एक मुलगी. शाळा सुटली की दप्तर घेऊन ती माझ्याकडेच येऊन बसायची. माझ्या चिंध्यांमधून बाहुल्यांच्या पिशव्या शिवायची. पहिला सरळ टाका तिनं माझ्या मशीनवर घातला, तेव्हा पाय नीट पॅडलवर पोचतही नव्हते. नानांना वाटायचं, पोरीनं परीक्षा द्याव्यात, सरकारी नोकरी धरावी. ती मुंबईला पर्स-पिशव्यांचं डिझाईन शिकायला गेली. काकूंनी पाठीशी उभं राहून पाठवली. नंतर काकू गेल्या, आणि वर्षभरात नाना रिटायर झाले.

रिटायरमेंटचा कार्यक्रम हॉलमध्ये होता. सत्कार, शाल, नारळ, जेवण. मुक्ता मुंबईहून आली आणि तिनं वडिलांना स्वतःच्या हातानं शिवलेली चामड्याची बॅग दिली. भिंगासाठी वेगळा कप्पा, चष्म्यासाठी वेगळा. दीड महिना खपली होती पोरगी त्या बॅगेवर. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "नाना, माल बघा की!" आणि नानांनी माल बघितला. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, मग उलटा. खिशातून लाल पेन्सिल काढली आणि त्या कोऱ्या चामड्यावर गोल करायला लागले. एक, दोन, तीन. लोक मोजायला लागले. अकरा झाले. हॉल हसून हसून लोळत होता. मुक्ताही हसली. हसताना तिचे डोळे कसे झाले ते मला दिसलं होतं, आणि तरी मीही हसले. त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन परत गेली, आणि नंतर आली नाही. मुंबई इथून चार तास. पहिल्या वर्षी मीच तिला फोन केला. म्हणाली, "मावशी, तुमच्याशी कधीही बोलेन. पण त्यांचं काही सांगू नका." मी नाही सांगितलं.

"नाना," मी त्या दिवशी विचारलं, "तिला माहीत आहे हे तुम्ही आहात म्हणून?"

"नाव आहे, पत्ता आहे. न कळायला काय झालं? छोटी कंपनी आहे. ज्यानं वस्तू केली त्यानंच तक्रारीला उत्तर द्यायचं, असा नियम आहे त्यांच्यात." मग म्हणाले, "मी पहिला स्कार्फ घेतला तो तक्रारीसाठी नव्हता घेतला ताई. जाहिरातीत खाली तिचं नाव वाचलं, तिनं केलेलं काहीतरी हातात धरायचं होतं. पण किनारीचा दोष दिसला. लिहिला गेला. आणि तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं."

"अहो मग फोन करा ना सरळ!"

"करून बोलू काय? मला दुसरं येतं काय?"

मी कात्री खाली ठेवली आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.

त्यानंतर त्यांनी मला सगळं दाखवलं. प्रत्येक उत्तर स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेलं, फाईलला लावलेलं. सगळी इंग्रजीत, अगदी गिऱ्हाइकाला लिहावीत तशी; मराठीत सांगायचं तर असं. 'माननीय श्री. गायधनी.' 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.' एका शब्दानं ओळख नाही. पण नाना तपासनीस. त्यांना त्यातही दिसायचं. "या वेळी दोन ओळी जास्त आहेत." "हे दुपारी लिहिलंय, जेवणाच्या सुट्टीत. सुट्टीत लिहायची काही गरज होती का?" "इथं 'आपलं निरीक्षण बारीक आहे' असं लिहिलंय. बारीक. हे काही नियमात नसतं." लोक प्रेमपत्रं जपतात, या माणसानं दिलगिरीची पत्रं जपली होती.

आणि मुक्ता प्रत्येक दोष सुधारत होती. नानांच्या यादीत स्कार्फला अकरा दोष होते. टोपीला सात. पाऊचला चार. जांभळ्या पर्सला एक, तो डाव्या कडीपाशीचा. मला वाटायचं, किती छान, पोरगी शिकतेय, बाप शिकवतोय. पुढे काय होणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

गेल्या श्रावणात मोरपंखी पर्स आली. पार्सल उघडताना मी होते. नानांनी ती खिडकीत नेली आणि भिंग लावलं. एक दिवस गेला. दोन गेले. चौथ्या दिवशी सकाळी खाली आले आणि पर्स माझ्या मशीनवर ठेवली. "शैलाताई, तुम्ही बघा. मला काय दिसेना. डोळ्यांत काही आलंय का काय."

मी बघितली. तीस वर्षं मी शिवण करतेय. एकसारखा टाका, कोपरे बसलेले, अस्तर कुठं गोळा नाही, धाग्याचं टोक कुठं बाहेर नाही. आतून उलटी केली तरी तशीच. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू! माझ्या मशीनवर शिकलेली पोरगी!

"नाना, एकही दोष नाही हिच्यात. निर्मळ काम आहे."

नाना स्टुलावर बसले. मला वाटलं होतं आनंद होईल, पण त्यांचा चेहरा उतरलेला.

"मग आता लिहू काय?" ते म्हणाले.

"काय लिहू म्हणजे? छान झालीय म्हणून लिहा!"

"छान आहे म्हटल्यावर कोण उत्तर देतं ताई? तक्रारीला द्यावंच लागतं."

मी म्हटलं, "लिहून तर बघा." ते हो म्हणाले, पण नजर पर्सवरच होती. जाताना दारात थांबून म्हणाले, "एक बारीक सुई आहे का? नऊ नंबरची." मला वाटलं बटण लावायचं असेल. दिली.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. मी साबुदाण्याची खिचडी घेऊन वर गेले. दार नुसतं लोटलेलं. नाना खिडकीपाशी पाठमोरे बसले होते, भिंग डोळ्याला, मांडीवर मोरपंखी पर्स, आणि सुईनं ते एक टाका उसवत होते. ज्या माणसानं तिळभर खाली गेलेल्या डोळ्यासाठी गणपती परत पाठवला, तो माणूस चांगल्या मालात दोष करत होता.

"नाना! काय करताय हे?"

त्यांनी पर्स पोटाशी धरली. "एकच टाका, ताई. एकच. आतल्या बाजूचा आहे, कोणाला दिसायचा नाय."

मला आधी राग आला, मुक्ताच्या कामासाठी. मग रडूच आलं. मी बशी टेबलावर ठेवली आणि खाली आले. त्या दिवशी माझ्याकडून दोन ब्लाऊज उलटे कापले गेले.

तक्रार गेली. सोबत फोटो. तीन दिवसांत उत्तर येतं, तर तीन दिवस झाले. पाच झाले. नाना माझ्याकडे येऊन विचारायचे, "ताई, तुमचं नेट चालू आहे ना?" सहाव्या दिवसापासून त्यांनी बाजारात जाणं सोडलं. आठव्या दिवशी मी भाकरी दिली ती त्यांनी नुसती घेतली. उलटी करून बघितलीसुद्धा नाही. मला धडकीच भरली.

दहाव्या दिवशी सकाळी एका बाईचं माप घेत होते, तेव्हा ते आले. चपलासुद्धा घातल्या नव्हत्या. सरळ फोन माझ्या हातात दिला.

या वेळी उत्तर मराठीत होतं. वर माननीय नव्हतं, खाली विभाग नव्हता.

'बाबा, हा टाका मशीनवर सुटलेला नाही. सुईनं आतून काढलाय. शेजारच्या भोकाला टोक लागून ओरखडा आलाय. पर्समध्ये दोष नव्हता ना?'

मी दोनदा वाचलं. बाई म्हणाली, "काय झालं हो? कोणी गेलं का?" मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. तुम्ही जरा हात खाली करा."

नाना स्टुलावर बसले. "ओरखडा दिसला तिला," ते म्हणाले. "फोटोत. नुसत्या फोटोत दिसला. मला भिंगातून नव्हता दिसला." हे त्यांनी तीन-चार वेळा म्हटलं. मग डोळे पुसले, चष्मा न काढताच, त्यामुळे काच ओली झाली.

"नाना, पोरीनं प्रश्न विचारलाय. उत्तर द्या."

"काय देऊ?"

"खरं ते द्या. सात वर्षं थांबलीय ती त्यासाठी."

त्यांनी फोन घेतला. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'नव्हता.' त्याच्याकडे बघत राहिले. मग पुढे लिहिलं, 'एकही नव्हता. काम उत्तम आहे. त्या दिवशी बॅगही उत्तम होती. माझं चुकलं.' एवढं लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मी टेप गळ्यात घालून उभी, बाई अर्ध्या मापात उभी, कोणी हललं नाही. त्यांनी बटण दाबलं.

फोन गप्पच होता. नाना त्याच्याकडे बघत होते. "आता ती काय लिहील?" त्यांनी विचारलं. "तक्रार तर संपली."

"मला काय माहीत? तुम्ही लिहा अजून काहीतरी. बाप लिहितो तसं."

बाप काय लिहितो, हे त्यांना खरंच आठवावं लागलं. कपाळावर आठ्या घालून बसले. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी लिहिलं आणि मला दाखवायला फोन पुढं केला. 'जेवलीस का?'

सकाळचे साडेनऊ वाजले होते. साडेनऊला कोण जेवतं? माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, "बरोबर आहे नाना. पाठवा."